दवंडीचं मीठ आणि घाटाची वाट

वेळ सकाळची, उन्हं नुकती चढलेली. ठिकाण, घाटमाथ्यावरच्या एका राज्यातला बाजार. राज्य फार जुन्या काळचं, आता नकाशात शोधून सापडायचं नाही.

त्या बाजारात दवंडी पिटली गेली. "ऐका हो ऐका! मीठ महागलं म्हणून रयतेची तक्रार आहे. आजपासून मीठ गेल्या वर्षीच्याच भावानं विकायचं. जास्त घेईल त्याला फटके!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्या आणि सगळे मिठाच्या दुकानाकडे धावले. दवंडी पिटायची वेळ आली म्हणजे मीठ संपत आलं असणार, असं ज्याला त्याला वाटलं. ज्याला मूठभर हवं होतं त्यानं टोपलं भरून नेलं. थोड्याच वेळात दुकानदारानं हात झटकले. "संपलं!"

नेमका तो दिवस गावाच्या लोणच्याचा. त्या दिवशी बाजारात कैरी यायची आणि घरोघरी लोणचं घातलं जायचं. येसूआक्का ही गावची लोणचेवाली. धर्मशाळेतल्या वाटसरूंना लोणचं विकून तिचं वर्ष निघायचं. दरवर्षी ती आधी कैऱ्या फोडायची आणि मग समोरच्या दुकानातून मीठ आणायची. आजही तिनं तसंच केलं. घरभर फोडी पसरलेल्या, आणि मिठाचा खडा नाही.

ती शेजारणीकडे गेली. शेजारीण म्हणाली, "आहे गं, पण देऊ कशी? पुन्हा कधी मिळेल कुणाला ठाऊक!"

दिवेलागणीनंतर त्या गावात कुणी कुणाला मीठ देत नसे. तोवर मीठ मिळालं नाही तर फोडी नासणार आणि आक्काचं वर्ष बुडणार. तिनं फोडींची टोपली डोक्यावर घेतली आणि थेट दरबार गाठला.

दरबारात प्रधान आणि शास्त्री जोरात भांडत होते.

"भाव बांधला नाही तर गरिबानं अळणी जेवायचं का?" प्रधान म्हणाला.

"राजानं बाजारात बोटसुद्धा घालू नये," शास्त्री म्हणाला. "भाव चढू द्या, मीठ आपोआप येईल."

"आपोआप? मिठाला पाय फुटलेत का?"

आक्कानं टोपली दोघांच्या मधोमध ठेवली. "शास्त्रीबुवा, प्रधानजी, तुमचं चालू द्या. तेवढं या फोडींना थांबायला सांगा."

राजा म्हणाला, "बाई, तुला स्वस्त मीठ मिळावं म्हणूनच तर हुकूम काढला."

"हुकूम पोचला, महाराज. मीठ नाही पोचलं."

राजानं समुद्रकाठाहून मीठ आणणाऱ्या तांड्याच्या नायकाला बोलावलं. तो बाजारात रिकाम्या हातानं बसला होता.

"मीठ कुठं आहे?"

"घाटाखाली, महाराज. वाट खचलीय, बैल चढत नाहीत. माणसांच्या डोक्यावरून आणायचं तर हमाली पडते. तुमच्या भावानं विकलं तर हमाली कशातून देऊ? आणि वर फटके!"

प्रधान उसळला. "घराघरांची झडती घ्या! लोकांनी साठा केलाय."

"झडती घेतलीत तर लोक मीठ विहिरीत ओततील," आक्का म्हणाली. "ती माणसं वाईट नाहीत, प्रधानजी. भ्यालीत. उद्या मीठ येतंय एवढं त्यांना खरं वाटू द्या."

मग राजा असं काही बोलला जे राजे सहसा बोलत नाहीत. "माझं चुकलं."

दुपारी दुसरी दवंडी झाली. "भावाचा हुकूम मागे घेतलाय! वाट बांधायला दरबारची माणसं आत्ताच निघालीत. वाट होईतो हमाली दरबार देईल. उद्या मीठ वर येतंय हो!"

दवंडी संपते न संपते तोच दुकानदाराला मागच्या खोलीत मिठाच्या गोणी सापडल्या. त्याच्याच खोलीत, त्यालाच. उद्या मीठ आलं की भाव पडणार, हे त्याला बरोबर कळलं होतं.

पण आक्काला दुकानापर्यंत जावंच लागलं नाही. तिच्या पायरीवर शेजारीण वाडगा घेऊन उभी होती.

"हातावर देत नाही हो, उगाच भांडण व्हायचं. इथं ठेवते, उचलून घे. सकाळचं मनात धरू नकोस."

"धरलं असतं," आक्का म्हणाली, "पण हात भरलेत माझे."

दोघी हसल्या. मागून आणखी बायका आल्या. पायरीवर द्रोण, वाट्या, परड्या जमल्या. दिवे लागायच्या आत शेवटच्या फोडीला मीठ लागलं. आक्कानं पायरीला हात लावून नमस्कार केला.

पुढचे काही दिवस मीठ थोडं महागच होतं. बैल घाट चढू लागले तसा भाव कुणी न सांगता उतरला. लोणचं मुरल्यावर आक्कानं पहिली बरणी वाट बांधणाऱ्या पाथरवटांना दिली, दुसरी तांड्याला आणि मग घरोघर वाटी वाटी. राजालाही एक वाटी गेली. चूक कबूल करणाऱ्याचे आभार मानायलाच हवेत.

यातून घ्यायचं तात्पर्य असं : हुकमानं भाव खाली येतो, माल वर येत नाही. राज्यकर्त्यानं वाट बांधावी आणि भीती घालवावी; बाकीचं लोक आपसात निभावतात, आणि अशा लोकांचं ऋण मानावं.

आता राहिली एक गोष्ट. त्या दिवशी गावात मिठाचा खडा मिळत नव्हता, तेव्हा प्रधानाच्या वाड्यावर मात्र सकाळीच लोणचं घालून झालं होतं. ते मीठ कुठून आलं, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.