न बुडणारा बर्फ

फार फार वर्षांपूर्वी हिमालयातल्या एका तळ्यात चांदवी नावाची मासोळी पिल्लांसह राहत असे. एका हिवाळ्यात तळ्यावर बर्फ जमू लागला, तशी ती घाबरली. "अरे, दगडासारखा बुडशील आणि माझी पिल्लं चिरडशील!"

बर्फ म्हणाला, "नाही गं ताई. पाणी होतो तेव्हा माझे कण दाटीवाटीने धावायचे. आता त्यांनी हात लांब करून एकमेकांना धरलंय. मध्ये मोकळी जागा राहिली, म्हणून मी हलका झालो. मी वरच तरंगेन."

चांदवी पिल्लांना घेऊन तळाशी गेली. वर वादळं घोंगावली, पण बर्फाने थंडी खाली येऊ दिली नाही. वसंतात तो वितळला आणि चांदवी उसळी मारून वर आली. मागोमाग सगळी पिल्लं उन्हात उड्या मारू लागली!