मण्याला चिकटलेले चावरेबुवा

टाकीतल्या कणांनाही वाचा होती, त्या काळातली गोष्ट. एका डेअरीच्या टाकीत चावरेबुवा नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, राहत असत. दुधातली साखर चावून तिचे दोन तुकडे करायचे, हे त्यांचं काम. अख्खी साखर पोटात गेली की गावातल्या पोरांची पोटं दुखत. पण टाकीतून दूध काढताना सुटी विकरं त्याबरोबर वाहून जात, आणि बुवांना त्याचीच धास्ती होती.

एकदा टाकीत काचेचे मणी आले. "या, बसा. इथून कोणी हलवणार नाही," एक मणी म्हणाला.

बुवांची पुतणी चावरी शेपटीनं मण्याला चिकटली. "काका, तोंड दुधाकडे राहू द्या हं."

"शेपटीचा काय भरवसा?" म्हणत बुवांनी तोंडासकट सगळं अंग मण्यावर दाबलं आणि ते पापडासारखे पसरले.

साखर आली. "बुवा, चावा की!" मणी म्हणाला.

"दिसत नाही? मी जागेवर आहे," बुवा मण्यातच पुटपुटले. त्यांच्या वाट्याची साखर अख्खीच पुढे गेली.

गावात पोरं पोट धरून रडली. बुवांना ऐकू आलं नसावं; तोंडाबरोबर कानही मण्यालाच लावलेले होते.

टाकी खळखळून धुतली, तरी बुवा तसूभर हलले नाहीत. "बघितलंस? टिकलो!"

चावरीच्या तोंडात नव्या दुधातली साखर होती. तिनं तिचे दोन तुकडे केले आणि पुढची धरली.