खेळशील ना?

एका नदीला दोन काठ होते, आणि दोन्ही काठांवर एकेक गाव होतं. अलीकडच्या गावामागे एक उंच काळा कडा होता. त्याला सगळे बोलका कडा म्हणत. कुणी मोठ्याने हाक मारली की हाकेचा शेवटचा तुकडा तो परत देई. बाकीचं स्वतःकडे ठेवून घेई. पोरं त्याला मुद्दाम चिडवत. "तू गाढव!" असं ओरडलं की कडा म्हणे, "ढव, ढव." मग पोरं हसून हसून वाळूत लोळत.

पावसाळा सरला, पाणी उतरलं, की नदीच्या मधोमध पांढऱ्या वाळूचं बेट वर येई. बेटावर एका खडकावर देवीचं लहानसं देऊळ होतं. त्या देवळापुढच्या वाळूत दरवर्षी दोन्ही गावांचा हुतूतूचा सामना होई. जे गाव जिंकेल त्या गावाचा ढोल वर्षभर देवीपुढे आधी वाजे. दुसऱ्या गावाचा मागून. फरक तेवढाच. पण तेवढ्यासाठी दोन्ही गावांना वर्षभर जेवण गोड लागत नसे.

अलीकडच्या गावात साळूबाई राहत होती. तिला एकच मुलगा, गेनू. अंगाने सडपातळ, बोलायला कमी. पण "हुतूतूतू" म्हणत तो मधली रेघ ओलांडायला लागला, की कुठेतरी लांब पारवा घुमतोय असं वाटे. एका दमात तो पलीकडे जाई, समोरच्यांना शिवे आणि दम सुटायच्या आत परत येई. त्याला धरायला गेलेल्यांच्या हातात वाळूच राही. म्हातारी माणसं म्हणत, हा पोर पळत नाही, वाहतो.

त्या वर्षी सामना जवळ आला होता. सरावात गेनूचा पाय वाळूत रुतला आणि अंग पुढे गेलं. गुडघ्यात काहीतरी कट्ट वाजलं. संध्याकाळपर्यंत गुडघा कवठासारखा सुजला.

वैद्यबुवांनी लेप लावला, पाला बांधला आणि बजावलं, की पाऊस येईपर्यंत पळायचं नावसुद्धा काढायचं नाही. गेनूने मान हलवली.

मग माणसं भेटायला यायला लागली.

आधी वस्ताद आले. त्यांनीच गेनूला लहानपणापासून खेळ शिकवला होता. ते उंबऱ्यात बसले, जुन्या सामन्यांच्या गोष्टी सांगितल्या, गूळपाणी घेतलं. उठताना म्हणाले, "खेळशील ना?"

गेनू म्हणाला, "हो."

वस्तादांचे डोळे भरून आले. ते बघून गेनूला वाटलं, आपण काहीतरी चांगलं बोललो.

मग पाटील आले. येताना नवा जरीचा फेटा घेऊन आले. तो त्यांनी गेनूच्या डोक्यावर ठेवून बघितला, शोभतो म्हणाले, आणि मग विचारलं, खेळशील ना रे वाघा. डोक्यावर फेटा असलेला गेनू पुन्हा हो म्हणाला.

जाता जाता पाटील वैद्यबुवांच्या ओसरीवर टेकले. त्यांचं काय बोलणं झालं कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी वैद्यबुवा लांबलचक पट्टी घेऊन आले. घट्ट बांधून देतो म्हणाले. "एका सामन्यापुरतं निभेल ना?"

"निभेल," गेनू म्हणाला. वैद्यबुवांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते पट्टीची गाठ बघत होते.

त्यानंतर तर रस्त्याने जाणारा प्रत्येक जण विचारे. पाण्याला जाणाऱ्या बाया विचारत. पारावरची माणसं विचारत. पलीकडून नावेतून येणारे लांबूनच तोंडाभोवती हात धरून ओरडत, "गेनू, खेळशील ना?"

आणि मागून कडा म्हणे, "ना… ना… ना…"

पण कड्याकडे कोण लक्ष देतो?

संध्याकाळी साळूबाई दिव्याजवळ बसून मुलाच्या पायाला तेल लावत असे. हात गुडघ्यापाशी आला की तो आपोआप हलका होई. मग ती विचारी, "फार दुखत नाही ना रे?"

"नाही गं आई."

तेवढं ऐकलं की तिच्या जिवात जीव येई. मग ती त्याला आणखी एक भाकरी वाढी.

एके दिवशी दुपारी गेनू नदीकाठी चिंचेखाली झोपला होता. त्याला एक स्वप्न पडलं. त्याचा दुखरा पाय त्याला सोडून पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला होता. एकटाच, पांढऱ्या बगळ्यासारखा. पाण्यात बघत होता. गेनू त्याला म्हणाला, चल, खेळायला जायचंय. पाय म्हणाला, "तुला सगळ्यांनी विचारलं. मला कुणीच विचारलं नाही." मग त्याने पंख पसरले, आणि वाळूवरून त्याची सावली हळूहळू लांब गेली.

गेनू दचकून जागा झाला. हे कुणालातरी सांगावं असं त्याला फार वाटलं. तेवढ्यात वाटेने जाणाऱ्या कुणीतरी विचारलं, खेळशील ना. आणि त्याच्या तोंडून हो निघून गेलं. आता ते आपोआपच निघायला लागलं होतं.

सामन्याच्या दिवशी नदीवर धुकं होतं. दोन्ही काठ दिसत नव्हते. नुसतं बेट तेवढं पांढऱ्या ढगात तरंगत असल्यासारखं दिसत होतं. धुक्यातून ढोल ऐकू येई, पण कुठल्या गावाचा ते कळत नसे. खेळ बरोबरीत चालला. शेवटची चढाई उरली, आणि सगळ्यांनी गेनूकडे बघितलं.

गेनू गेला. पारव्यासारखा आवाज धुक्यात शिरला. पलीकडे कुणाला तरी शिवला, वळला, आणि वळताना पट्टीच्या आत गुडघ्याने दगा दिला. तो खाली पडला. पण दम तुटला नाही. वाळूत कोपरांवर सरपटत, बारीक होत जाणाऱ्या आवाजात हुतूतू म्हणत त्याने हात लांब केला आणि मधल्या रेघेला बोट टेकवलं.

गाव जिंकलं. ढोल दणाणला. रिवाज असा, की जिंकवणाऱ्याला खांद्यावर घेऊन, पाण्याच्या उतारातून मिरवत गावात न्यायचं. माणसं धावली. पण गेनूला उभं करता येईना. त्याचा पाय भलत्याच बाजूला वळला होता, आणि ओठ पांढरे पडले होते.

वैद्यबुवांनी पाय बघितला आणि म्हणाले, याला आत्ताच्या आत्ता घरी न्या. फळ्या, गरम पाणी, सगळं तिकडे आहे. सांधा लवकर बसवला नाही, तर हा पोर पुन्हा चालायचा नाही.

देवळातली बाज आणली. गेनूला तिच्यावर निजवलं. चौघांनी चार पाय धरले आणि उचलायला गेले.

बाज हलली नाही.

आणखी माणसं आली. पैलवान आले. दात-ओठ खाऊन जोर लावला, तर बाजेचे पाय उलट वाळूत रुतले. सडपातळ पोर, पण त्याच्या अंगावर जणू कुणी कडाच आणून ठेवला होता.

माणसं घाबरली. आणि घाबरलेली माणसं भांडतात, तशी भांडायला लागली. पाटील वस्तादांना म्हणाले, संघ तुमचा. वस्ताद वैद्यबुवांना म्हणाले, औषध तुमचं. वैद्यबुवा म्हणाले, मी तर पळू नको म्हणून सांगितलं होतं.

वस्ताद मोठ्याने म्हणाले, "आणि मी काय ओढून आणलं त्याला? आधी विचारलं होतं ना!"

धुक्यातून कडा म्हणाला, "ना… ना…" बाज बोटभर खाली गेली.

पाटील त्याहून मोठ्याने म्हणाले, "तो स्वतःच्या तोंडाने हो म्हणाला ना!"

"ना… ना…" बाज आणखी खाली गेली.

साळूबाई मुलाच्या उशाशी बसली होती. ती कधी चार माणसांत बोलली नव्हती. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "वस्ताद, कडा काय म्हणतोय ते ऐका. किती दिवस तो एकच म्हणतोय, आणि आपण ऐकत नाही."

वस्तादांनी धुक्यात कड्याच्या दिशेला मान वळवली. साळूबाई पुढे म्हणाली,

"तुम्ही त्याला विचारलंत खरं. पण 'खेळशील का' असं नाही विचारलंत. 'खेळशील ना' असं विचारलंत. 'का' म्हटलं की माणूस आपल्या पायाकडे बघतो. 'ना' म्हटलं की तो तुमच्या तोंडाकडे बघतो. उत्तर तुम्हीच हातात ठेवलं होतं. पोरानं ते नुसतं परत दिलं, त्या कड्यासारखं."

मग वैद्यबुवा पुढे आले आणि बाजेच्या एका पायाशी वाकले. "'निभेल ना' असं मी म्हटलं," ते म्हणाले. "निभणार नाही हे मला ठाऊक होतं." त्यांनी हात लावला, आणि तेवढा कोपरा वाळूतून अलगद वर आला.

वस्ताद गुडघे टेकून दुसऱ्या पायाशी बसले. एवढंच म्हणाले, की मी त्याचं लंगडणं बघितलं होतं, बघून न बघितल्यासारखं केलं. दुसरा कोपरा वर आला.

पाटलांनी बराच वेळ घेतला. आपल्या बाजूची वाळूच ओली आहे म्हणाले. बाज जुनी आहे म्हणाले. ढोलवाला अजून वाजवतच होता. पाटलांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा गेनूच्या पांढऱ्या ओठांकडे. मग हात वर करून ढोल थांबवला. "फेटा आधी ठेवला आणि मग विचारलं," ते हळू म्हणाले. "फेट्याखालचं पोर नाही कसं म्हणणार?" तिसरा कोपरा वर आला. मग ज्यांनी ज्यांनी वाटेत, पाणवठ्यावर, नावेतून विचारलं होतं ते सगळे आले, आणि त्यांनी बाजेला हात लावले.

चौथा पाय उशाकडचा. तो साळूबाईच्या हातात होता. तो हलेना.

माणसं तिच्याकडे बघू लागली. ती म्हणाली, मी तर आई. मी कधी त्याला खेळ म्हटलं नाही. उलट मला रात्ररात्र झोप नव्हती.

कडा काही बोलला नाही. वारा पडला होता. वाळूवरून धुकं हळूहळू सरकत होतं, दिव्याच्या धुरासारखं. आणि साळूबाईला दिवा आठवला. तेलाची वाटी आठवली. ती मुलाच्या कानाशी वाकली.

"'दुखत नाही ना' असं विचारायचे मी," ती म्हणाली. "मला 'नाही'च ऐकायचं होतं बाळा. ते ऐकून माझा जीव हलका व्हायचा, आणि तुझं दुखणं तुझ्याकडेच राहायचं."

गेनूने डोळे उघडले. खोटं मीच बोललो आई, असं तो म्हणायला लागला. वस्तादांनी त्याला थांबवलं. म्हणाले, तुझा वाटा तुझ्या पायानं केव्हाच उचललाय, आता गप पड.

साळूबाईने त्याच्या कपाळावरची वाळू पुसली. "आता सांग. किती दुखतंय?" आणि ती उत्तराची वाट बघत थांबली.

गेनूने आपल्या पायाकडे बघितलं. मग लहान मुलासारखा रडायला लागला आणि म्हणाला, "खूप."

त्या एका शब्दासरशी चौथा कोपरा वर आला. बाज इतकी हलकी झाली, की नेणाऱ्यांना वाटलं, आपण रिकामीच नेतोय. पाण्याच्या उतारातून जाताना ती जवळजवळ तरंगत होती.

सांधा बसला. गेनू चालायला लागला. थोडा लंगडतो, पण चालतो. हुतूतू मात्र तो पुन्हा कधी खेळला नाही.

पुढच्या वर्षी बेट पुन्हा वर आलं. सामन्याआधी गेनू मधल्या रेघेपाशी बसला. एकेक खेळाडू त्याच्यापुढे येई. तो विचारी, "पाय कसा आहे?" आणि गप्प बसे. उत्तर येईपर्यंत दुसरं काही बोलायचं नाही, असं त्याने सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. त्या वर्षी गावाची सगळी भिस्त कोंडिबा नावाच्या खेळाडूवर होती. तो कितीतरी वेळ वाळूत अंगठ्याने रेघा ओढत राहिला. वस्तादांनी पाटलांचा हात घट्ट धरून ठेवला होता. शेवटी कोंडिबा म्हणाला, घोटा दुखतोय.

"मग बस इथे," गेनू म्हणाला आणि बाजूला सरकून जागा दिली.

गाव हरलं. ढोल वर्षभर मागून वाजला. पाटलांनी थोडे दिवस तोंड कडू केलं, मग म्हणायला लागले, की मागून वाजला तरी देवीला ऐकू जातंच म्हणे.

पण त्या संध्याकाळी अलीकडच्या काठावर आया उभ्या होत्या. उतारातून त्यांची पोरं येत होती, पाणी उडवत, एकमेकांना ढकलत, सगळी आपापल्या पायांवर. पलीकडच्या काठावरून कुणीतरी चिडवलं, "हरलात!"

कडा म्हणाला, "लात, लात."

आणि पोरं हसून हसून पाण्यात पडली.

तात्पर्य: दुखऱ्या पायाने खेळणाऱ्याचं ओझं त्या एकट्याचं नसतं. ज्याने ज्याने उत्तर आधी ठरवून मग प्रश्न विचारला, त्या प्रत्येकाचं ते असतं, मायेने विचारणाऱ्याचंसुद्धा. लेकराला विचारायचं तर नको असलेलं उत्तरही ऐकायची तयारी ठेवून विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.