वर धरलेला गज

"टाळ्या त्यांनी वाजवल्या, सर. यात माझी काय चूक?"

केतकी राऊत उंबऱ्यातच उभी होती. पाठीवर व्हायोलिनची पेटी, नाकाच्या शेंड्यावर राग.

रेबेलो सर ओटीवर बसून सुकेळी खात होते. आमच्याच वाडीतली. केळी उन्हात वाळवली की पहिली बशी मी कुंपणापलीकडे त्यांना नेऊन देते, आणि नेली की जरा टेकते. तशी त्या दिवशीही टेकले होते.

"व्हायोलिनचा गज कोणी खाली घेतला?" सरांनी विचारलं.

केतकीने पेटी पाठीवरून उतरवली.

झालं होतं असं. सरांकडे शिकणारी ही चार पोरं. दोन व्हायोलिनी, एक त्याहून जरा मोठं वाद्य, आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा तो दणकट चेलो. सरांचाच जुना विद्यार्थी डेन्झिल, त्याने या चौघांसाठी एक नवी रचना लिहिली. गुणगुणायला जाल तर हाती काही लागत नाही. ही चौघं वाजवू लागली की आमची मांजर माळ्यावर जाते.

त्या रचनेत मधेच सगळे थांबतात. गज हवेत, माणसं पुतळ्यासारखी. चहाला उकळी येईल इतका वेळ काही म्हणजे काही नाही. मग चेलो एकटाच सुरू होतो आणि उरलेली अर्धी रचना तिथून पुढे.

नाताळाच्या आधी आमच्या वसईतल्या हॉलमध्ये त्यांनी ती वाजवली. थांबायची जागा आली, आणि लोकांना वाटलं, संपलं. टाळ्यांचा कडकडाट. हॉलचे सेक्रेटरी चोरघे गुच्छ घेऊन धावले. केतकीने गज खाली घेतला, उठली, वाकून नमस्कार केला. या चौघांपुढे काठी हलवणारा कोणी नसतो. पहिल्या व्हायोलिनचा गज जिकडे, तिकडे बाकीचे. तेही उठले.

अर्धी रचना चेलोच्या पोटातच राहिली. डेन्झिल मागच्या रांगेत होता. तो न जेवताच घरी गेला.

"आता रविवारी परत आहे," केतकी म्हणाली. "चोरघेकाका म्हणतात, मधलं ते गप्प बसणं काढा. नाहीतर हॉल मिळणार नाही."

"आणि तू काय म्हणतेस?"

"काढते. या लोकांना काय कळतंय, सर? थांबलं काय, न थांबलं काय. मी लोकांसाठी वाजवतच नाही."

"मग टाळ्या कोणासाठी घेतल्यास?"

...

मी बशीतलं सुकेळं उचललं. अशा वेळी तोंडात काहीतरी असलेलं बरं.

"पेटी उघड," सर म्हणाले. "थांबायच्या जागेपर्यंत वाजव."

तिने वाजवलं. जागा आली. गज वर गेला.

"वहिनी, टाळ्या वाजवा."

"मी?"

"तुम्हीच. चोरघ्यांपेक्षा तुमचा हात भरदार."

मी वाजवल्या. गज वीतभर खाली आला. तिचं तिलाच कळलं नाही.

"पुन्हा."

पुन्हा वाजवलं, पुन्हा गज वर.

"वहिनी, कौतुक करा."

"अगंबाई, काय बोटं आहेत पोरीची! दृष्ट काढायला हवी. आईला सांग मीठमोहऱ्या ओवाळायला..."

तिचे ओठ हलले. गज हलला.

"पुन्हा. वहिनी, आता टोमणे."

त्यात मला शिकवायला नको.

"आटपलं का गं? गप्प बसायला शिकायचं, तर इथे कशाला यायला हवं? माझ्या सासूने फुकट शिकवलं असतं. आमच्या थोरलीच्या लग्नात बँडवाला असा मधेच थांबला असता, तर नवरदेव घोड्यासकट परत गेला असता!"

सर खिडकीकडे तोंड करून हसले. केतकी हसली नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं की हात दुखण्याचं, कोण जाणे. मी मेलीने बोलणं थांबवलं, तरी गज वरच.

"सर, हात दुखतोय."

"दुखणारच."

"हॉल दिला नाही तर?"

"ही ओटी आहे."

"लोक हसले तर?"

सरांनी बशी माझ्याकडे सरकवली.

थोड्या वेळाने तिने स्वतःच गज खाली ठेवला. फोन काढला. आमच्या देखतच.

"चोरघेकाका, आम्ही पूर्ण वाजवणार. थांबणारसुद्धा. हॉल द्यायचा नसेल तर आत्ताच सांगा. आम्ही तुमच्या गेटसमोर खुर्च्या मांडून बसतो."

पलीकडून बरंच काही आलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हो काका, घरात सगळे बरे आहेत," आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" सरांच्या आधी मीच विचारलं.

"बोर्ड रंगवून झालाय म्हणे. या आता, म्हणाले. पण फजिती झाली तर माझ्या नावाने रडू नका."

रविवारी मी पुढून दुसऱ्या रांगेत. मुद्दाम लवकर गेले होते.

ती जागा आली. चार गज वर.

मागून एक टाळी. मग दहा. मग सगळा हॉल. आणि सवयीने चोरघे उठले, गुच्छ घेऊन स्टेजवर चढले.

केतकीचा गज हलला नाही. बाकी तिघांचे डोळे त्या गजावर.

टाळ्या ओशाळल्या, विरळ झाल्या, थांबल्या.

"विसरली वाटतं!" कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

चोरघे स्टेजच्या मधोमध. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना.

"केतकी, बाळा, घे की गं..." ते कुजबुजले. अख्ख्या हॉलने ऐकलं.

तिने पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी चोरघे स्टेजच्या पायरीवरच बसले. गुच्छ मांडीवर. पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मग बाहेरच्या माडांचा. मग माझ्या शेजारणीच्या श्वासाचा.

...

आणि चेलो सुरू झाला. एकटा.

कुंपणापलीकडून मी तो कितीदा ऐकला होता. तरी हातातला पंखा कधी थांबला, कळलं नाही. मागे वळून पाहिलं, तर डेन्झिल उभा राहिला होता. कोणीतरी त्याला बस म्हणून सांगत होतं.

रचना संपली. चौघांनी गज खाली घेतले.

हॉल चिडीचूप.

एकदा तोंड पोळलेली माणसं आता ताकही फुंकून पीत होती. चोरघे गुच्छ धरून पायरीवरच. मी हात उचलले आणि परत मांडीवर ठेवले. काय भरवसा या पोरांचा?

चौघं उठली, आत गेली. लोक बसूनच.

मी मात्र मागच्या दाराने बाहेर आले. स्टेजमागे पोरांचं काय चाललंय ते मला पाहायचं होतं. तिथे नळाजवळ रेबेलो सर उभे होते. केतकी आली. व्हायोलिन पेटीत, पेटी पाठीवर, दोन्ही हात मोकळे.

"सर, पूर्ण वाजवलं."

"ऐकलं."

"एकानेही टाळी वाजवली नाही."

"हं."

ती घुटमळली. मग तशीच ताठ मानेने म्हणाली, "त्यांचं जाऊ दे. तुम्ही तरी वाजवा ना, सर. एकच."

सरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नको. गज खाली घेशील."