खिशातली दुसरी केप

“मुकी आहे ती. जाळीत बसवली तर नाही म्हणायची नाही.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. थोरले भावजी ओसरीवर माझ्या नवऱ्याला सांगत होते. मी आतल्या अंगाला भिंतीशी बसून त्यांच्याच सदऱ्याच्या खिशाचं बटण शिवत होते.

मुकी म्हणजे मी. लग्नाला सोळा दिवस झाले होते.

मी मुकी नाही. बोलायला जागा मिळाली नव्हती, एवढंच. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही, त्यांनीही तिच्याशी नाही, अशी या घराची रीत. भावजींना पाणी हवं असलं तर ते माझ्यासमोर उभे राहून माझ्या नवऱ्याला म्हणतात, “तिला म्हणावं, पाणी आण.” नवरा घरात नसला तर खांबाला म्हणतात.

“रानकोंबडीचा आवाज हुबेहूब काढते,” भावजी सांगत होते. “काल परसात जावेला हसवायला काढला, तर शेजारचा कोंबडा कुंपण ओलांडून आला. उद्या पहाटे हिला करवंदीच्या जाळीत बसवू. ती ओरडेल, कोंबडा येईल, मी मागनं सरपटत जाईन. धाड!”

“आणि तिला लागलं तर?” हे म्हणाले.

“माझा नेम चुकतो का कधी?”

या घराची आणखी एक रीत. नव्या सुनेच्या हातचा पहिला रस्सा रानकोंबड्याचा हवा आणि कोंबडा घरच्या पुरुषानं मारलेला हवा. रानकोंबडा मारायला कायद्यानं बंदी आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कायदा रीतीला लागत नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं.

सदऱ्याच्या खिशात काहीतरी खुळखुळलं. काढून बघितलं तर तांब्याच्या दोन इवल्या टोप्या. केपा. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे कितीही ठासा, घोड्याखाली ही केप नसली तर बंदूक म्हणजे काठी.

मी दोन्ही केपा होत्या तिथं ठेवल्या. बटण जरा जास्तच घट्ट शिवलं.

*

त्याच दुपारी आम्हा दोघांना देवराईतल्या देवीची ओटी भरायला जायचं होतं. भावजीही निघाले. सदरा तोच, खांद्यावर बंदूक. वाटेत धुळूनानांचं खोपट लागतं, नानांकडे भावजींचं काम होतं.

धुळूनाना ऐंशीच्या घरातले, बोळक्या तोंडाचे धनगर. चार म्हशी, एक कुत्री आणि समोर सगळं रान. बंदी यायच्या आधी घाटमाथ्यावर त्यांच्यासारखा शिकारी नव्हता म्हणे. मग एके दिवशी त्यांनी बंदूक विहिरीत टाकली. का, ते कुणी विचारलं नाही. निदान उत्तर मिळेपर्यंत विचारत राहिलं नाही.

“शेवटच्या वीस पावलांत उडून जातो, नाना,” भावजी म्हणाले. “आवाजामागं बरोबर जातो मी. वाकून, पाऊल चोरून. पण ती वीस पावलं... ती शिकवा.”

नाना दोर वळत होते. वळतच राहिले.

“आवाजामागं जायाचंच न्हाई.”

“मग कोंबडा मारायचा कसा?”

“परवाना कशाचा हाय?”

“डुकराचा. भात नासवतात.”

“कोंबड्यानं किती नासवलं?”

भावजी हसले. “तुम्ही शंभर मारलेत, आणि आम्हाला कीर्तन?”

“शंभर न्हाई. त्र्याण्णव.”

“मग सात राहिले की!”

“ते हितं हाईत.” नानांनी डाव्या खांद्यावर थोपटलं.

आम्हाला कळलं नाही. म्हातारं माणूस, म्हणून आम्ही तिघंही थोडं हसलो.

“कोंबडी हाक का मारती?” नानांनी विचारलं.

“कोंबड्याला बोलवायला.”

“आन तू कोंबडी न्हवंस.”

“नाही.”

“बायकूच्या आवाजात बोलवायचं, आन आला की मारायचं. तेबी चैताच्या दिसांत, खरी बायकू अंड्यावर बसलेली आसताना.” नानांनी दोराला गाठ मारली. “ह्याला आमी शिकार म्हनायचो.”

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी ओटीच्या ताटाकडं बघितलं.

“शिकवायचं असेल तर शिकवा, नाना,” भावजी म्हणाले. “नसेल तर सांगा. मला येतं तेवढं पुष्कळ आहे.”

नानांनी दोर बाजूला ठेवला.

“शिकवतो. केप काढ.”

“बार भरलेला आहे.”

“म्हनूनच. केप काढ, आन हितं ठेव.” त्यांनी तळहात पुढं केला.

भावजींनी घोडा उचलून केप काढली आणि त्या तळहातावर टाकली. पोरानं गुरुजींकडं गोट्या द्याव्यात, तसं तोंड करून.

“आनिक?”

“एकच आणली.”

मी शिवलेलं बटण माझ्या अगदी समोर होतं.

नानांनी भावजींकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. एक श्वास घ्यावा, सोडावा, एवढा वेळ.

मी मान खाली घातली. रीत.

“बरं,” नाना म्हणाले. त्यांनी माझ्या ताटातला लाल खण उचलला. “देवीला सांगून नेतो.” आणि काठी टेकत पायवाटेनं चढ चढायला लागले. जाता जाता म्हणाले, “डोळं मिटून दोनशे मोज. मग कोंबडी बोलंल. तिच्यामागं जा. कोंबडा दिसला की घोडा ओढ. केप न्हाई, बार व्हायाचा न्हाई, पर मला कळंल.”

भावजींनी डोळे मिटले. आम्ही दोघं खोपटापुढच्या दगडावर बसलो. नाना वळणाआड गेले.

दोनशे झाले असतील, तोच वळणाजवळच्या करवंदीच्या जाळीतून आवाज आला. कुट्... कुट् कुट्... कुट्.

हुबेहूब.

पण माझ्या मामानं मला हा आवाज शिकवताना एक गोष्ट सांगितली होती. शेवटचा ‘कुट्’ टाळूवर आपटला पाहिजे, नाहीतर त्यात वारा शिरतो. या कोंबडीच्या शेवटच्या ‘कुट्’मध्ये वारा होता.

ही कोंबडी बोळकी होती.

भावजी वाकले होते. खरंच छान चालतात ते, खोटं कशाला बोला. पाचोळा वाजत नव्हता. दहा पावलं, थांब. पाच पावलं, थांब. जाळीत काहीतरी हललं. पानांमधून लाल दिसलं. एकदा, मग परत एकदा, कोंबडा मान झटकतो तसं.

भावजी थांबले.

त्यांचा हात खिशाकडं गेला.

बटण निघेना. मी घट्ट शिवलं होतं. त्यांनी ओढलं. परत ओढलं. मग हिसका दिला आणि बटण उडून पाचोळ्यात पडलं.

मी उभी राहिले. तोंडही उघडलं.

पण त्यांना हाक मारायला माझ्याकडं शब्दच नव्हता. सोळा दिवसांत कधी लागला नव्हता. मी नवऱ्याकडं वळले आणि माझ्या तोंडून निघालं, “त्यांना म्हणावं, थांबा...”

“काय?” हे म्हणाले.

धाड!

*

म्हशी उधळल्या. कुत्री खोपटात घुसली. धूर जाळीवरून हळूहळू उतारानं खाली गेला.

“लागला!” भावजी ओरडले. “सुबराव, लागला! बघितलंस?” आणि धावत जाळीत शिरले.

शिरले, ते उलट्या पावलांनी बाहेर आले.

जाळीमागं ऐनाचं झाड होतं, दोघांच्या कवेत न मावणारं. त्याच्या आडून धुळूनाना उठले. हातात काठी, काठीच्या टोकाला माझा लाल खण. खणाची चाळण झाली होती. ऐनाची साल मधोमध फुटून पांढरी दिसत होती.

आम्ही दोघं पळत पोचलो.

“काय मारलंस?” नानांनी विचारलं.

“कोंबडा...”

“कुठं हाय?”

“तुरा दिसला. लाल.”

“तुरा दिसला. कोंबडा दिसला का? कोंबडी ऐकू आली. कोंबडी दिसली का?”

नानांनी बंडीचे बंद सोडले आणि डावा खांदा उघडा केला. कातडीखाली काळे ठिपके होते, करवंदाच्या बियांएवढे. माझा नवरा ओठांतल्या ओठांत मोजत होता. सातावर थांबला.

“कुणी मारलं, नाना?”

“थोरल्या भावानं. ह्याच जाळीत कोंबडी होऊन बसलो होतो. डोक्याला तांबडा पटका.” नानांनी बंडी सावकाश बांधली. “लई चांगला गडी. नेम कधी चुकायचा न्हाई त्याचा.”

मग त्यांनी खण काठीवरून काढला, घडी घातली आणि माझ्या ताटात ठेवला.

“खिशातली दुसरी तुला ठावं हुती, पोरी.”

प्रश्न नव्हता. तरी मी मान हलवली.

“आज मधी झाड हुतं,” नाना म्हणाले.

एवढंच. आणि म्हशी गोळा करायला गेले.

*

भावजी दगडावर बसून राहिले. चेहरा आधी पांढरा होता. मग हळूहळू रंग परत आला, आणि रंगाबरोबर बाकीचंही सगळं परत आलं.

“नाटकी म्हातारा,” ते म्हणाले. “खण दाखवून फसवलं. कुणीही फसेल.”

“दादा, आता राहू दे,” हे म्हणाले.

“राहू दे कसं? रस्सा व्हायला नको? गावाला काय सांगू, ह्या रंगरावनं झाड मारलं?” ते उठले, बंदूक खांद्याला लावली. “पण एक बरोबर आहे म्हाताऱ्याचं. लाल नको.”

“म्हणजे?”

“उद्या पहाटेचं ठरलंय ते ठरलंय. तिला म्हणावं, जाळीत बसताना हिरवं लुगडं नेस.”

खाली म्हशींच्या घंटा वाजत होत्या. नाना त्यांच्यात उभे होते. पाठ आमच्याकडं.

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. बिचाऱ्याच्या तोंडावर ते वाक्य आलंच होतं. “दादा म्हणतोय...”

“ऐकलं मी,” मी म्हणाले.

हे दचकले. मी ताट त्यांच्या हातात दिलं. चाळण झालेला खण उचलला, भावजींच्या समोर जाऊन उभी राहिले आणि खण त्यांच्यापुढं धरला. त्यांनी सवयीनं आजूबाजूला खांब शोधला. रानात खांब नव्हता.

“भावजी,” मी म्हणाले. शब्द होता की माझ्याकडं. “उद्या जाळीत तुम्ही बसा. हा खण डोक्याला बांधा. आवाज मी शिकवते, अवघड नाही, शेवटचा ‘कुट्’ तेवढा टाळूवर आपटायचा. बंदूक माझ्याकडं द्या, मी मागनं सरपटत येते. आणि भिऊ नका. मी आजवर बंदूक हातात धरलेली नाही, त्यामुळं माझा नेम एकदाही चुकलेला नाही.”