खेकड्याची कोरी पाठ

फार मागे चीनमध्ये एका बादशहाने दवंडी पिटवली, की माझा कारभार वाकडा आहे असं जो म्हणेल, त्याची जीभ छाटली जाईल.

“आपल्याला कुठे जीभ आहे?” दरबारातला कुंचला शाईला म्हणाला.

“तुला केस आहेत ना. ते उपटतील,” शाई कुरकुरली.

कुंचल्याने ऐकलं नाही. त्याने वाकड्या चालीचा गलेलठ्ठ खेकडा काढला, भोवती कमळं खच्चून भरली आणि खेकड्याची पाठ तेवढी कोरी ठेवली.

बादशहा चित्रावर भाळला. आवडलेल्या चित्रावर आपल्या नावाचा लाल शिक्का उमटवायचा, अशी तिथली रीत. मोकळी जागा शोधत त्याने तो खेकड्याच्या पाठीवरच उमटवला.

दरबार बाह्यांत तोंड लपवून हसू लागला.

“काय झालं?” बादशहाने विचारलं.

“काही नाही, महाराज,” प्रधान म्हणाला, “शिक्का अगदी योग्य जागी बसला.”