सायकलच्या ट्यूबची चकती

अवजारं आणि माणसं एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. सदोबा मिस्त्रीच्या इंजिनात डिझेलच्या पाइपाचं पॅकिंग फाटलं आणि जोडातून डिझेल ठिबकू लागलं. डिझेलला टिकणाऱ्या रबराचं नवं पॅकिंग डब्यात होतं, पण ते सदोबाने चांगल्या कामासाठी राखून ठेवलं होतं. त्याने सायकलची जुनी ट्यूब घेतली आणि कात्रीने तिची चकती कापली.

चकती म्हणाली, “मिस्त्री, मी हवा धरणारी. डिझेलात मी फुगेन. डब्यातलं पॅकिंग लावा.”

“रबर ते रबर,” सदोबा म्हणाला आणि त्याने नट आवळले.

आठवड्याभरात चकती डिझेल पिऊन भिजलेल्या पावासारखी फुगली आणि जोडातून बाहेर आली. डिझेल तापलेल्या सायलेन्सरवर उडालं, भडका झाला. माती टाकून आग विझवेपर्यंत सदोबाचा डावा हात भाजला. चकती चिमट्यात धरून तो चारचौघांत म्हणाला, “हिच्यामुळे झालं हे. नालायक रबर.”

आता मात्र चकतीचं डोकं फिरलं. “दहा वर्षं तुमच्या सायकलची हवा धरली, तेव्हा मी नालायक नव्हते. डिझेल मला सोसणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खंडेनवमीला तुम्ही प्रत्येक अवजाराला हळदकुंकू वाहता, मिस्त्री. ऐकत मात्र एकाचंही नाही.”

सदोबाने तिला उकिरड्यावर भिरकावलं. मग भाजलेल्या हाताला फडकं गुंडाळून त्याने कात्री उचलली आणि उरलेली ट्यूब पुढे ओढली.